दोन शेंडे, सारख्या उंचीचे

नाना, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. माणूस गेलं की वैर संपतं म्हणतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझं काही संपलं नाही. इथे भडगावात घरासमोरच औषधाचं दुकान आहे. ते चालवणारी मुलगी शिरपूरला फार्मसी शिकलेली. तिच्याकडून डोकेदुखीची गोळी घेताना दर वेळी तुम्ही आठवता, आणि डोकं जास्तच दुखतं. तिकडे वर तरी कागद चिकटवायला भिंत मिळाली का?

धुळ्याच्या आपल्या स्वयंपाकघरात होती. तुम्ही शाळेत चित्रकलेचे मास्तर, रेघ अशी की बघत राहावं. शेअरचं वेड गावोगाव पसरलं तशी तुम्ही रंगपेटी बाजूला ठेवली आणि आलेखाचा कागद धरलात. रोज पेपरातला भाव बघून एक ठिपका द्यायचा, ठिपके जोडायचे, कागद भिंतीवर लावायचा. रविवारी मास्तर मंडळी चहा-शेवेला जमली की तुम्ही पट्टीनं दाखवायचात, इथे डोकं, हे दोन खांदे, म्हणजे विका. इथे इंग्रजी डब्ल्यू, म्हणजे घ्या. खरा ठरलेला कागद भिंतीवर राही. चुकलेला आई डब्यांखाली अंथरायला नेई. त्यामुळे येणाऱ्याला भिंतीवर तुमचं सगळं खरंच झालेलं दिसे. डबे उचलून कोण बघणार होतं?

माझा शिरपूरला फार्मसीसाठी नंबर लागला आणि त्याच आठवड्यात तुम्हाला एका गिरणीच्या शेअरमध्ये डब्ल्यू दिसला. आई म्हणाली, "पोरले शिरपूरले धाडनं शे. त्या पैसास्ले हात लावू नका." तुम्ही म्हणालात, "बठ्ठं कागदवर दिखस. पंधरा दिनमा दुप्पट." फी गेली. शेअर पडला, पडतच राहिला, आणि प्रवेशाची मुदत संपली. मी रडत तुमच्यापाशी आले तर तुम्ही खोडरबर घेऊन बसलेले. जुनी रेघ खोडून नवी काढलीत, जराशी खालून, आणि म्हणालात, "रेघ खोटं बोलत नही. मीच वाचाले चुकनू." चूक कबूल केलीत तीही रेघेची बाजू घेऊन. माझ्याकडे मान वर करून पाहिलंही नाहीत. भाव पडल्यावर रेघच हलवायची, तर ती चुकणार कधी? त्याच दिवशी मी ठरवलं, चारचौघांत तुमची फजिती करायची.

पुढचा मे महिना. माझं लग्न ठरलंय, घराच्या धाब्याच्या छतावर आईचे ज्वारीचे बिबडे वाळताहेत, मास्तर मंडळी घाम पुसत बसली आहेत. मी एक कागद पुढे करते. मार्चपासून पेपरात आलेलं जळगावचं रोजचं तापमान मी त्यावर मांडलंय, अगदी तुमच्या पद्धतीनं, फक्त आकडे लिहिलेले नाहीत. "मामांनी पाठवलाय. शेअरचं नाव गुपित ठेवा म्हणाले." तुम्ही घ्या म्हणा की विका म्हणा, मी खरं सांगणार आणि सगळे पोट धरून हसणार. तुम्ही कागद खिडकीशी नेता. पेन्सिलीचं टोक दोन जागी टेकवता. "हाई दोन्ही शेंडा सारखा उंचना," तुम्ही म्हणता, "आते हाऊ पडी." मास्तर लोक माना डोलावतात. मी तोंड उघडते, आणि चहाच्या कपबश्या गोळा करायला लागते.

मृग तोंडावर आला होता. जळगावचं ऊन उतरणारच होतं, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि ते उतरलंही. मी खरं बोलले असते तर तुम्ही उलट छाती काढून म्हणाला असता, "दखा, उनलेबी लागू पडस!" म्हणून गप्प बसले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले.

हे पत्र धाडायला पत्ता नाही. लिहून झालं की डब्यांखाली अंथरीन, आपल्या घरचे चुकलेले कागद तिथेच जातात. त्याआधी एक सांगते. तो कागद मीच केला होता, ते ऊन आहे हे मलाच ठाऊक होतं. तरी तुम्ही 'पडी' म्हणालात तेव्हा अंगावर काटा आला. वाटलं, नानांना खरंच दिसतं. त्या घडीला फी माझ्या हातात असती, तर मी स्वतः ती तुम्हाला दिली असती.