कबरीची घंटी

पौष, शनिवार. चकलांबा.

रजेवर घरी आलो तेव्हापासून बघतोय, घरात काहीतरी शिजतंय. आई आणि धाकटा म्हादू माझ्यासमोर हळू बोलतात. ओठ हलतात, आवाज न्हाई. माझ्यापासून काय लपवतात? मी तिकडं हैदराबादला राबतोय आणि इकडं शेळ्या तर विकायला काढल्या न्हाईत?

आज सांजच्याला शेळ्या माघारी आल्या. पुढं कबरी शेळी, गळ्यात तीच जुनी घंटी. लहानपणी मी ती ओढ्यापलीकडून ओळखायचो. आज कबरी अंगाला घासून गेली तरी घंटी मुकी.

म्हादूला धरून तोंडासमोर उभं केलं. "घंटीत चिंधी काहून कोंबली बे? गुपचूप कुठं नेतोस शेळ्या?"

तो हसायलाच लागला. "चिंधी कशाची, दादा? वाजती की!"

मी चिडून घंटीत बोट घातलं. चिंधी नव्हती. कबरीनं मान हलवली, तशी आतली लोळी बोटावर आपटली. बोटाला कळलं, कानाला न्हाई.

म्हादूचं हसू गेलं. कानाशी येऊन ओरडला, "तिथं हैदराबादला विमानं लई जवळ हायती का?"

लई जवळ. आमची वस्ती विमानतळाच्या मैदानाला लागूनच. दिवसभर इंजनं चालू, पत्रे थरथरतात. तिथं शेजारची म्हातारी, तिची सून, दुकानदार, सगळेच ओरडून बोलतात. मला वाटायचं, शहराची रीतच तशी असंल.

सोमवारी परत जायचंय. आत्ता आई चुलीपासून काहीतरी म्हणाली. जा म्हणाली, का नको जाऊ? उठतो, तिच्या तोंडासमोर जाऊन बसतो.