मझौलीची लाइन कोणी तोडली

बाबा, तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "काहून गं, माणसं मेली का सारी?" नाही मेली. तरी टंचाईच्या वेळी वीज कुणाची तोडायची, हे आता माझे प्रोग्राम ठरवतात, आणि तुमच्यापेक्षा बरं ठरवतात. घ्या, सांगून टाकलं एकदाचं.

छत्तीसगड वेगळं होऊन आपलं राज्य तुटलं, त्यानंतरचा तो उन्हाळा. मोठी वीजघरं तिकडे गेली, इकडे टंचाई. मी तुमचा डबा घेऊन कंट्रोल रूमच्या दारात उभी आहे आणि तुमच्या दोन कानांना दोन फोन आहेत. "हां भैया, बरगी काटो. आधा घंटा." फोन ठेवता, मानेवरचा घाम पुसता, पुढचं गाव शोधता. पंप, दवाखाना, पिठाची गिरणी, सारं एका फटक्यात बंद. मी म्हटलं, बाबा, गिरणी थांबली असती की थोडी, अख्खं गाव काहून तोडता? तर सगळ्यांदेखत खेकसलात, "आधी पोळी नीट भाजायला शिक. इथे अक्कल पाजळू नको." मी रडले नाही. तरातरा घरी आले आणि तो राग जपून ठेवला. इंजिनिअर झाले ती त्याच रागावर, हे तुम्हाला कधी कळलंच नाही.

आता ऐका. गिरणी, शीतगृह, शेतातले पंप, दवाखाना, प्रत्येकाला मी एकेक छोटा प्रोग्राम नेमून दिलाय. एजंट म्हणतो आम्ही त्याला. वीज कमी पडली की हे एजंट आपसात बोलणी करतात. शीतगृहाचा म्हणतो, माझा माल गार आहे, मी वीस मिनिटं थांबतो. पंपाचा म्हणतो, मी दुपारनंतर पाणी ओढीन. ज्याची गरज मोठी तो चालू राहतो, आणि गाव बंद पडत नाही. तुमच्या दोन फोनांनी हे जन्मात झालं नसतं.

मझौली गावाला हे पहिल्यांदा लावलं तेव्हा तोंडावर आपटले, तेही सांगते. कोणाची गरज किती, हे तिथल्या कर्मचाऱ्यांनी भरायचं होतं. त्यांनी सगळ्यांपुढे एकच लिहिलं, "अति आवश्यक". दवाखान्यापुढे तेच, गिरणीपुढे तेच, बर्फाच्या कारखान्यापुढेही तेच. मी चिडून फोन केला तर तिथले बाबूजी म्हणतात, "दीदी, बिना अति आवश्यक लिखे अपने यहाँ कोई कागज हिलता है क्या?" आता बोला! सगळेच अति आवश्यक, मग एजंटांनी बोलणी कशावर करायची? कोणीच मागे हटेना, तेव्हा प्रोग्रामने तोडायला यादीतलं पहिलं नाव उचललं. पहिलं नाव दवाखान्याचं. मीच ते मानाने सगळ्यांत वर लिहिलं होतं.

भर दुपारी, आत बाळंतपण चालू असताना लाइन गेली. नर्सबाईंनी मोबाइलच्या उजेडात निभावलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, देवाची कृपा.

साहेब म्हणाले, बस झाला हा खेळ, फोनच बरा. मी म्हटलं, नाही. तुमच्यापुढे जे तोंडातून निघालं नाही ते त्यांच्यापुढे निघालं. दवाखाना मी बोलणीतून कायमचा बाहेर काढलाय, त्याला आता कोणी हात लावू शकत नाही. बाकीच्यांची गरज कोणी लिहून द्यायची नाही, त्यांच्या मीटरवरून प्रोग्रामच ओळखेल. उद्या सकाळी पुन्हा लावून राहिली मी. पुन्हा आपटले तर पुन्हा उठेन. तुमचीच पोर आहे, दुसरं काय करणार?

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून आणखी एक गोष्ट लिहिते. साहेबांनाही सांगितलेलं नाही. त्या दुपारी नर्सबाईंचा फोन आला होता, "लाइन किसने काटी?" मी म्हटलं, "सिस्टम ने काटी, सिस्टर." तुम्हाला लोक नाव घेऊन शिव्या घालायचे, तुम्ही ऐकून घ्यायचात. मला त्या बाई नुसतं "अच्छा" म्हणाल्या. यादी मी केली होती, बाबा.