शेपूटवाल्या फायली

८ जुलै, मंगळवार

आज पुन्हा माझ्यावरच! भीमाशंकर सरांनी वर्गात पडद्यावर फिजिक्सचा पेपर उघडला, तो मागच्या वर्षीचा निघाला. पोरं हसली. सर तडक टायपिंगच्या खोलीत आले आणि मलाच झापलं. क्लास त्यांचा, आवाज त्यांचा. पण पसारा कुणाचा? शेषेरावचा!

खोलीत आम्ही दोघंच. मी, आणि हा हिमायतनगरचा म्हातारा. टायपिंगचा एडिटर प्रोग्राम दर वेळी सेव्ह करताना आधीची प्रत बाजूला ठेवतो, नावाच्या शेवटी ~ असं नागमोडी शेपूट लावून. शहाणा माणूस त्या काढून टाकतो. हा ठेवतो. एकेका पेपरच्या ढीगभर प्रती, सालोसालच्या. काढा म्हटलं तर — “राहू द्या ताई, लागंल कवातरी.” डोकं फिरतं माझं.

माझ्या फोल्डरात एक शेपूट दिसणार न्हाई. मी प्रती ठेवणं कधीच बंद करून टाकलंय.

९ जुलै

काल संध्याकाळी सर म्हणाले, ऑगस्टपासून या खोलीत एकच माणूस. दोघांचं काम उरलं न्हाई. कोण राहणार ते महिनाअखेरीला सांगतील.

घरी बोलले तर सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “बरंच झालं. लातूरच्या चकरा बंद.” हे गप्प. हे कायम गप्पच. मला माहीत हाय पुढं काय — मुरुडचं ते घर, ती चूल, आणि दिवसभर सासूबाईंचं तोंड. मोबाइलसुद्धा त्यांना विचारून हातात घ्यायचा. हे लिहायला सुद्धा जागा न्हाई घरी. जेवणाच्या सुट्टीत इथं लिहिते, फायलीचं नाव ‘केमिस्ट्री जुने’. कोण उघडतंय!

न्हाई. मी जाणार न्हाई. म्हातारा जाईल.

११ जुलै

कॉम्प्युटरसाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या शेपूटवाल्या प्रती आपोआप उचलायच्या आणि पुसायच्या. मी फक्त शेषेरावच्या फोल्डरवर लावणार होते. सर खूश होऊन म्हणाले, “सगळ्या मशीनवर लाव.” लावली.

तर या बाबाला झोंबलं. “असं न बघता कसं पुसता, बाई? आमच्याकडं तूर पाखडली तर भुसकट गुरांपुढं टाकायच्या आधी हात फिरवून बघत्यात. दाणा गेला म्हंजे?” आणि सर बी शेतकऱ्याचेच! लगेच मान डोलवली. म्हणून आता असं ठरलं — शुक्रवारी सगळं ‘भुसकट’ नावाच्या फोल्डरात गोळा होणार, शनिवारी शेषेराव बघणार, मग पुसणार.

आपोआप व्हायचं काम, त्यात हा बसला पाट मांडून. थेरडा कुठला.

१२ जुलै, शनिवार

चष्मा नाकावर, एकेक फाइल उघडून वाचतो. वाचतो! जसं काय कोर्टाचा निकाल. अर्धा दिवस गेला. मधे एकदा माझ्याकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं. चहा आला तर म्हणतो, “आधी ताईला द्या.” मी घेतला न्हाई.

१५ जुलै

त्याच्या खोकल्याचा सुद्धा राग येतो मला.

२१ जुलै, सोमवार

शनिवारी नवीनच नाटक. भुसकट बघून झालं आणि गोड आवाजात — “संध्याकाळची छपाई मी बघतो, उज्वलाताई. तुम्ही लवकरची एसटी धरत जा. घरी उशीर झाला की बोलत असतील.” घरी कोण बोलतं ते याला काय माहीत? मी कधी चार शब्द बोलले न्हाई याच्याशी.

कळतो मला डाव. मी लवकर निघणार, हा सरांपुढं कष्टाळू. मी मुद्दाम शेवटपर्यंत बसले. मुरुडची गाडी चुकली, दुसरीत उभं राहून आले. सासूबाईंनी दार उघडलं ते तोंड वाकडं करूनच.

२४ जुलै, गुरुवार

सापडला! रविवारच्या मोठ्या टेस्टचा पेपर शेषेरावनं लावलाय, उत्तरांसकट. लेन्सच्या गणिताचं उत्तर ब आहे, यानं क टाकलं. मी दोनदा करून बघितलं. टेस्टला बाहेरगावची पोरं येणार, पालक येणार. सगळ्यांपुढं उत्तर चुकलं की सर याला त्याच दिवशी घरी पाठवतील.

मी तोंड उघडणार न्हाई. चूक त्याची हाय, माझी न्हाई. मी फक्त गप्प बसणार. ह्यांच्याकडून शिकले गप्प बसायला.

२५ जुलै

गप्प बसले. सोपं हाय.

२६ जुलै, शनिवार

जे झालं तसं लिहिते.

शेषेराव सकाळपासून भुसकट चाळत बसला होता. एका फायलीवर लई वेळ थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठला, छपाईच्या मशीनपाशी गेला आणि छपाई बंद करायला लावली. सर धावत आले. तर हा म्हणतो, “लेन्सच्या गणिताचं उत्तर चुकलं, सर. माझी चूक. उज्वलाताईंनी धरलं म्हणून वाचलो.”

मी? मी तर कुणाला सांगितलंच न्हाई!

सर त्याला लई बोलले. वयाचं काढलं, डोळ्यांचं काढलं. तो खाली मान घालून उभा. मी पण उभी. हा मला कशात अडकवून राहिला? उद्या उलटून म्हणेल, हिला आधीच माहीत होतं.

२८ जुलै

मीच! मीच राहणार. काल टेस्ट झाल्यावर सर म्हणाले, “तुझी नजर बारीक आहे.” शेषेराव गुरुवारी शेवटचा.

घरी सांगितलं. सासूबाई काही बोलल्या न्हाईत, ताटात भाजी तेवढी कमी वाढली. वाढू दे. एसटीचा पास पुढच्या महिन्याचा काढणार मी. म्हाताऱ्याला वाईट वाटत असंल तर वाटू दे, त्याला मी चूक करायला सांगितली नव्हती.

पण माझं नाव का घेतलं त्यानं?

३१ जुलै

गेला. डबा, छत्री, पाठीला लावायची उशी — सगळं एका पिशवीत मावलं. जाता जाता म्हणाला, “शनिवारचं पाखडणं आता तुमच्याकडं. उघडून बघितल्याबिगर फेकू नका.”

हो म्हटलं. बिनकामाचा सल्ला. मी बघणार एकदाच, मग ती शनिवारची भानगडच बंद.

२ ऑगस्ट, शनिवार

भुसकटाच्या आत एक फोल्डर. नाव — ‘उज्वलाताईंचं. फेकू नये.’

आत ‘केमिस्ट्री जुने’. शेपूट लावलेली. दर शुक्रवारची. पहिल्या शुक्रवारपासूनची, ज्यात म्हातारा जाईल असं लिहिलंय. चोवीस तारखेचं, लेन्सच्या उत्तराचं लिहिलेलं पण. प्रती बंद केल्या होत्या त्या जुन्या मशीनवर. हे मशीन सरांनी जूनमध्ये दिलेलं, इथं प्रती लपून पडतात आणि बंद करायच्या राहूनच गेल्या.

दुसऱ्याचं वाचतो, लाज न्हाई मेल्याला! इतका राग आला की सरळ फोन लावला. त्यानं उचलला, आणि मला रडूच आलं. तो खोकला. मग म्हणाला, “आधी ते शेपूट बंद करून घ्या, ताई. उद्या भुसकट बघायला माझ्या जागी कोण बसंल, सांगता येत न्हाई.”