तुमी गिरणीतच होता

आबा, काल दुपारी सूनबाई टीव्हीवर एक मालिका लावून बसली होती. न केलेल्या खुनापायी जेलात गेलेल्या माणसाची. सुरू व्हायच्या आधी पाटी आली, की या भागातली काही दृश्यं मन विचलित करणारी आहेत, लेकरांना दाखवू नका. मी म्हटलं, बघू तरी. मग त्या माणसाला उलटं टांगलं, तळपायावर पट्टे मारले, तोंडातनं रक्त काढलं. सूनबाईनं ओढणी डोळ्यांवर घेतली. मी सुपातली तूर निवडत राहिले. आणि मग अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा आला. किराणा दुकानदार, समोर तराजू. हवालदार कागद पुढं करतो, दुकानदार हात धोतराला पुसतो आणि सही करतो. वाचतसुद्धा नाही. माझ्या हातातलं सूप खाली गेलं, तूर घरभर झाली. सूनबाई म्हणाली, "आई, मारायले होते तवा बघितलंत, अन् आता काय झालं? तो तर नुस्ता सही करणारा हाय." पुढं सगळ्या भागात त्या दुकानदाराचं तोंड पुन्हा दिसलं नाही.

तुमची सही मी डोळ्यांनी पाहिली आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, थोरला दीड महिन्याचा होता. पुढच्या खोलीत गिरणी, मागं आपलं घर, आणि मी मधल्या दारात त्याला मांडीवर घेऊन बसायची. आई ओरडायची, पोराच्या नाकात पीठ जायलंय म्हणून. त्याच आठवड्यात शिवारात एका माणसाला कुणीतरी कुऱ्हाडीनं मारून टाकलं होतं आणि पोलिसांनी त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याला उचललं होतं, कारण दोघांची बांधावरनं भांडणं सगळ्या गावाला माहीत. आपल्याच गल्लीतला तो. त्या दिवशी लाईट दुपारी बाराला आली. बायका डबे घेऊन दारात ताटकळलेल्या, आणि तुमी दिवेलागणीपर्यंत गिरणीच्या पट्ट्यापासनं हलला नाहीत. जेवलाही नाहीत, आईनं ताट झाकून ठेवलं होतं. मग ठाण्यातला जमादार आला. म्हणाला, पंच म्हणून इभ्रतदार माणूस लागतो, गावात तुमच्याशिवाय कोण हाय? त्यानं कुणाच्या तरी दळणाच्या डब्यावर कागद ठेवला. तुमी धोतराला हात पुसले, चष्मासुद्धा शोधला नाहीत, आणि सही केली. कागदावर अंगठ्याएवढं पीठ लागलं, ते जमादारानं फुंकर मारून उडवलं.

कागदात काय होतं ते नंतर कळलं. दुपारी तीन वाजता तुमी आरोपीबरोबर त्याच्या शेतात गेला, आणि त्यानं तुमच्या समक्ष कडब्याच्या गंजीतनं रक्ताची कुऱ्हाड काढून दिली. तीन वाजता तुमी गहू दळत होता, आबा.

गावात तुमच्याइतका खरा माणूस नव्हता, तीच तर गोम. दळण संपलं की लाकडी दांड्यानं पेटी ठोकून शेवटची चिमूट ज्याची त्याच्या डब्यात पाडायचे तुमी. मी शाळेत असताना शेजारणीच्या बोरीची बोरं तोडली आणि पडलेली उचलली म्हणून सांगितलं, तर हाताला धरून तिच्या दारात नेलं आणि सगळ्या गल्लीदेखत माफी मागायला लावली. आणि तोच माणूस परीटघडीचा सदरा घालून कोर्टात गेला. आदल्या दिवशी जमादारानं सगळं पाठ करून घेतलं होतं. गंजी उगवतीला, दांडा बाभळीचा. घरी आल्यावर जेवता जेवता तुमी ते आईला म्हणून दाखवलं. वकिलानं लय फिरवून फिरवून विचारलं पण मी काही डगमगलो न्हाई, म्हणालात, आणि ताक मागितलंत. निकालात साहेबांनी लिहिलं की या साक्षीदाराचं आरोपीशी वैर नाही, त्याला खोटं बोलायचं काही कारण दिसत नाही. जन्मठेप झाली. तुमच्या खरेपणानंच त्याला आत घातलं.

मी एकदाच विचारलं तुमाला, निकालानंतर दिवाळीला आले तेव्हा. तुमी गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत होता. वर न बघता म्हणालात, "समदं गाव म्हणायलंय त्यानंच मारलं. मी एकट्यानं न्हाई म्हणून काय व्हनार व्हतं? कागदाचं काम हाय ते, तुला काय कळतंय त्यातलं." मी गप्प बसले. तुमचा मला धाक होता असं आजवर मनाला सांगत आले, पण तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची होते, एका लेकराची आई होते. कसला धाक?

नऊ वर्षांनी वरच्या कोर्टानं त्याला सोडलं. ते गंजीतलं सगळं रचलेलं वाटतं, असं तिथल्या साहेबांनी लिहिलं म्हणे. तो गावात आला तर घराला कुलूप. त्याची बायको दोन्ही लेकरं घेऊन राणीसावरगावला माहेरी निघून गेली होती, ती खटला उभा राहायच्या आधीच. एकदाही जेलात भेटायला गेली नाही. आबाचं तोंड खोटं बोलत न्हाई, आबानं बघितलंय म्हणजे ह्यानंच मारलं, हे तिच्या मनात दगडासारखं बसलेलं. सुटल्यावर तो तिला आणायला गेला, तर तिनं दार उघडलं नाही. पोरांनी बाप म्हणून ओळखला नाही. मग तो दळण घेऊन तुमच्याकडं आला. मी तेव्हा माहेरी होते. ज्वारीचा डबा काट्यावर ठेवला आणि म्हणाला, "आबा, जरा बारीक काढा. दात ऱ्हायले न्हाईत." बास, एवढंच. तुमी बारीक काढलंत, पेटी ठोकलीत, शेवटची चिमूट त्याच्या डब्यात पाडलीत. मला इतकी किळस आली, आबा, की मी उठून परसात गेले. पुढं तुमी गेलात तेव्हा सगळं गाव रडलं. असा खरा माणूस होणे नाही, म्हणाले. मी पण मान हलवली.

हे सगळं तुमच्या माथी मारायला सोपं आहे, आणि काल रात्रभर मी तेच केलं. पण त्याच्या बायकोबद्दल तुमाला एक गोष्ट माहीत नाही. तुमच्या सहीनंतर पंधरा दिवसांनी ती आपल्या घरी आली होती, बाळाला बघायला. स्वतः शिवलेली कुंची आणली होती. आई विहिरीवर गेलेली. कुंची बाळाच्या डोक्याला बांधता बांधता ती म्हणाली, "ताई, तू तर घरातच व्हतीस. ते कोठडीतनं सांगायलेत, गंजीत काहीच न्हवतं, आबा तर आलेच न्हाईत, आबाच्या लेकीला इचार म्हणून. खरं सांग, आबा गेलते का शेतात? गेले असतील तर मी हितं ऱ्हात न्हाई. खुन्याच्या घरात लेकरं न्हाई वाढवायची मला."

तिला कोर्ट नको होतं, कागद नको होता. माझा एक शब्द हवा होता. मी म्हटलं, "गेले होते, वहिनी." तिनं माझ्याकडं बघत बाळाच्या डोक्यावर माझा हात ठेवला, आणि मी तसंच पुन्हा म्हटलं. जमादारानं मला काही पढवलं नव्हतं. तुमाला तर हे कळलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी ती लेकरं घेऊन गेली.

तो अजून त्याच घरात एकटा आहे, आपल्या हातानं भाकरी थापतो. ती अजून माहेरी आहे, लेकाकडं. इथनं, परभणीहून गंगाखेड आणि तिथनं राणीसावरगाव, सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. तुमचा पत्ता नाही म्हणून हे पत्र घरात पडून राहील, असं लिहून संपवणार होते. पण हे तिलाच लिहायचं होतं, आबा. तिचा पत्ता मला पाठ आहे, आणि मी वर तुमचं नाव घातलं.