रविवार सोडून कधीही या

१५ ऑक्टोबर २०२३, रविवार

गेलो आणि फजिती होऊन परत आलो!

अवनी सांगत होती, "आई, संडेला तिथे सगळं बंद असतं." मी म्हटलं, बघायला काय जातंय? सुबोध नेहमी म्हणायचा — इतकी वर्षं हॉलंडात, आल्मेरेत काढली आणि तासाभरावरचं ते जुन्या चालीचं गाव काही बघून होत नाही. तो फेब्रुवारीत गेला. बघायचं राहिलंच. आता गाडी मी चालवते.

स्टापहोर्स्ट. एकच लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना गवतानं शाकारलेली शेतघरं, हिरवी दारं. आणि सगळं गाव काळ्या कपड्यांत चर्चला निघालेलं — चालत! एक सायकल नाही. आम्ही आपले लाल गाडीत, खिडकी खाली करून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अवनीनं फोटो काढायला फोन वर केला. एका म्हातारीनं तोंड फिरवलं. रागानं नाही, डोळ्यांवर ऊन आल्यावर फिरवतो तसं. अवनीनं फोन झटकन खिशात घातला. मग ती म्हातारीच गाडीजवळ आली. घट्ट टोपी, काळा-निळा पोशाख. मलाही कळेल इतक्या सावकाश डचमध्ये म्हणाली, "आज नाही. रविवार सोडून कधीही या."

परतताना अवनी हसत होती. "आई, वुई वेअर सो एम्बॅरसिंग!" किती महिन्यांनी हसली.

२८ ऑक्टोबर

गेलो की! नारळाच्या वड्या घेऊन.

तिचं नाव आल्त्ये. ऐंशीच्या पुढची. मी मनात आल्त्येबाई म्हणते. मुलगा हेन्ड्रिक आणि सून शेजारच्याच घरात, गोठा मागे. आल्त्येबाई काळ्या कापडावर रंगाचे ठिपके देते — बुचात खिळे ठोकलेले, ते रंगात बुडवायचे आणि कापडावर टेकवायचे. ठिपक्याला ठिपका लागून फूल होतं. आपल्या रांगोळीच्या छापासारखं. अवनी तिच्याशेजारी बसली ती उठायलाच तयार नाही.

माझं डच पाळणाघरातल्या नोकरीतलं — झोप, जेव, हात धू, रडू नको. तेवढ्यावर काय गप्पा मारणार? बाकीचं अवनी सांगते. पंधरा वर्षांची मुलगी, घरात माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलते. इथं माझ्यासाठी बोलते.

वडी चाखून आल्त्येबाई म्हणाली, "फार गोड." आणि दुसरी घेतली.

११ नोव्हेंबर

कुणालदादाचा फोन. "चारू, तिथं आता कुणासाठी थांबली आहेस? पुण्यातला फ्लॅट रिकामाच आहे. अवनीची दहावी होऊ दे आणि या." मी बरं म्हटलं. आतल्या खोलीचं दार आपटलं.

मैत्रिणी, शाळा — ह्या वयात तेच असणार. समजेल हळूहळू.

२० जानेवारी २०२४

ओहोळ गोठलेत. पोरं त्यांवर घसरत होती. आल्त्येबाईकडे वाटाण्याचं घट्ट सूप — आमच्यासाठी मांस न घालता वेगळं केलेलं! कुणी सांगितलं होतं तिला? अवनीनं असणार.

जेवता जेवता तिनं चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघून काही विचारलं. मी अवनीकडे बघितलं.

"काय म्हणतात?"

"शी सेज..." अवनी थांबली. मग मराठीत, अडखळत — "त्यांच्यात कपड्यांवरून कळतं. घरातलं कोण गेलं, किती जवळचं. काळा, मग निळा. त्यामुळे कुणाला विचारावं लागत नाही. पण आपलं त्यांना कळत नाही. म्हणून विचारतात. तुमचं कोण गेलं?"

वर्ष होत आलं. मला कुणी असं विचारलं नव्हतं. 'किती खंबीर आहेस' असं म्हणाले सगळे. मी पंधराव्या दिवशी पाळणाघरात हजर. मोरपंखी कुर्ता घालून. काळं घालून मुलांना घाबरवायचं कशाला?

मी उत्तर द्यायच्या आत अवनीच म्हणाली, "मेइन फादर."

आणि मग बोलतच राहिली. डचमध्ये, भरभर. मला तुटक तुटक कळत होतं — हॉस्पिटल, आई, पुणे, पाणी. आल्त्येबाईनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. नुसता तिचा हात धरून ठेवला.

शेवटी म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. म्हणजे — हे आईला सांग.

अवनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपण बाबांना इथं पाण्यात सोडलं ना. मार्करमेरमध्ये. तू पुण्याला जायचं म्हणतेस. मग बाबा इथं एकटे राहणार? त्यांना तर डच पण नीट येत नव्हतं."

अस्थी दोन ठिकाणी सोडल्या होत्या. थोड्या इथं, बाकी नाशिकला. नाशिकला अवनी आली नव्हती, परीक्षा होती. तिच्या लेखी तिचे बाबा सगळेच्या सगळे इथं होते. आणि मी समजत होते, मैत्रिणी!

त्या परक्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. आल्त्येबाई उठली, सूप परत गरम करायला ठेवलं.

१७ फेब्रुवारी

वर्षश्राद्ध. अवनी म्हणाली, भात मी करते. करपला थोडा. दोघी जणी मार्करमेरच्या काठी गेलो. वारा इतका की धड उभं राहवेना. अवनी पाण्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "बाबा, भात करपलाय, सॉरी हं!"

२० एप्रिल

आज गायी सोडल्या. हिवाळाभर गोठ्यात बांधून असलेल्या — फाटक उघडलं आणि त्या चक्क नाचल्या! एवढाली धुडं, मागचे पाय झाडत, शेपट्या वर करून. हेन्ड्रिक एरवी तोंडातून शब्द काढत नाही, तोही हसला.

आल्त्येबाई माझा हात धरून कुंपणाशी उभी होती. तिचा नवरा क्लास ह्याच दिवशी तिला पहिल्यांदा बघायला आला होता म्हणे. "तो माझ्याकडे बघेचना. गायींकडेच बघत होता!"

मी अवनीच्या मदतीशिवाय विचारलं, "मग लग्न कसं ठरलं?"

"गायी आमच्या होत्या ना," ती म्हणाली.

केवढ्यानं हसले मी! आजूबाजूचे वळून बघायला लागले.

२२ जून

दादाला सांगितलं. येत नाही. तो चिडला — "एकटी बाई, परका देश." म्हटलं, दादा, एकटी नाही. अवनी आहे. सुबोध आहे. आणि दर पंधरा दिवसांनी जायला एक घर आहे.

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर माझं मलाच नवल वाटलं. माहेर म्हणणार होते मी. लाजून घर म्हटलं.

३१ ऑगस्ट

बटाटे काढायला मदत केली. कंबर गेली. आल्त्येबाई आज गप्प गप्प. विचारलं तर म्हणाली, ऊन लागलं. ऊन कुठलं, आभाळ आलं होतं.

२८ सप्टेंबर

हेन्ड्रिक शेत विकतोय. गायीसुद्धा. म्हणतो, इथं आता ह्या धंद्यात पोरांना काही उरलं नाही. कॅनडात जमीन घेतलीये. मार्चमध्ये सगळे जाणार. आल्त्येबाईसुद्धा — मागे ठेवणार कुणाकडे? ती जन्मात जवळच्या झ्वोले शहराच्या पलीकडे गेलेली नाही. क्लासची कबर चर्चमागे आहे.

रडली नाही. हात पुसत माझ्यासमोर बसली, शाळेतल्या मुलीसारखी. म्हणाली, "तू केलंयस हे. परक्या देशात पहिल्या दिवशी काय करायचं असतं?"

मी तिचे हात हातात घेतले. मग म्हटलं — सामान उघडायचं नाही. आधी शेजारच्या दारावर थाप मारायची.