कावळ्यासमोर दिलेला शब्द

प्रिय आई,

तनूचा दहावीचा निकाल लागला. एकोणनव्वद टक्के! पेढे वाटून झाले. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला बाबांनी निकाल दोनदोनदा सांगितला. तुला मात्र कुणी काही विचारलं नाही. उलट हल्ली घरात जो तो तुझ्या वतीनं बोलतोय. "आक्काची इच्छा होती." "वहिनींच्या आत्म्याला काय वाटेल?" म्हटलं, जिच्या नावानं एवढं चाललंय, तिच्याशी निदान बोलावं तरी! म्हणून लिहायला बसले.

भांडण विषयांवरून आहे. तनू अकरावीला सायन्सला जातेय, तिथपर्यंत सगळे खूश. पण तिला बायोलॉजी नकोय. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्स हवंय. आणि बायोलॉजी सोडलं की डॉक्टर होण्याचा रस्ता बंद. तो बंद करून चालणार नाही, कारण तुझ्या दहाव्याला शब्द दिलाय.

तू तिथं असशील तर पाहिलंच असशील. घाटावर पिंड मांडले होते, समोरच्या झाडावर कावळे बसले होते, आणि एकही खाली येईना. मग एकेक जण तुला आश्वासनं देऊ लागला. आत्या म्हणाली, "वहिनी, पोरींना अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. बाबा म्हणाले, "गिरणी बंद पडू देणार नाही." तरी ढिम्म. शेवटी बाळूमामा पुढे झाला आणि मोठ्यानं ओरडला, "आक्का, तनीला डॉक्टर करतो बघ आम्ही! आता तरी जा सुखानं!" आणि कावळा आला. पिंडाला शिवला. मामाच्या डोळ्यांना धार लागली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

तनू तेव्हा आठवीत होती. ती नदीकडे बघत उभी होती. तिला कुणी विचारलंच नाही.

आई, खरं सांग, तू कधी म्हणाली होतीस तिला डॉक्टर करा म्हणून? मला आठवतं ते एवढंच, की हॉस्पिटलमध्ये त्या तरुण डॉक्टरीणबाई तुझ्या कॉटवर बसून बोलायच्या, आणि त्या गेल्या की तू म्हणायचीस, "किती छान बोलते गं पोरगी. आपली तनू अशी व्हायला पाहिजे." मामानं ते ऐकलं. आता "अशी" म्हणजे डॉक्टर, की कॉटवर बसून नीट बोलणारी? हे अर्धं बोलून अर्धं गिळायचं तुझं जुनंच! आम्ही काय समजायचं ते समजायचं, आणि तू जायचीस पोळ्या लाटायला.

माझ्या वेळी मात्र तू अर्धं बोलली नव्हतीस. दहावीला ब्याऐंशी टक्के मिळाले आणि मी आर्ट्सला जाते म्हणाले, तेव्हा बिबवेवाडीतल्या आपल्या सगळ्या चाळीला माझी काळजी लागली. वरच्या मजल्यावरचे काका मुद्दाम खाली आले. "वहिनी, सायन्सवरून आर्ट्सला उतरता येतं. आर्ट्सवरून सायन्सला चढता येत नाही." तू दळणाचा डबा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "जिना आहे का तो? आणि तिला उतरायचं नाहीये, भाऊजी. तिला तिथंच राहायचंय." काका चहा न घेता गेले!

तू नववीत शाळा सोडलेली. भूगोल घेऊन पुढे काय होतं, हे तुला माहीत नव्हतं. मलाही नीट माहीत नव्हतं. पण नकाशे वाचायला बसले की मला जेवायची आठवण राहत नाही, हे तुला माहीत होतं, आणि तेवढं तुला पुरलं. आज मी घरातली पहिली पदवीधर आहे. बी.एड. करतेय. पुढच्या वर्षी वर्गात उभी राहीन. समोरच्या मुलांना काय आवडतं हे आधी विचारायचं, मग शिकवायचं, असं मी ठरवलंय. हसू नकोस. होईल ते.

आणि तनूचं म्हणशील, तर तिलाही तू ओळखत होतीसच की! गिरणीची मोटर जळाली होती तेव्हा ती वायरमनच्या शेजारी उकिडवी बसून एकेक वायर कुठून कुठं जाते ते विचारत होती. तो वैतागला. "वहिनी, हिला आत बोलवा, नाहीतर मी तरी जातो." तू म्हणालीस, "विचारू दे की. विचारल्यानं वायर झिजते का?" तुझ्या नावानं बोलणाऱ्या एकालाही हे कसं आठवत नाही?

रविवारी मामा मांजरीहून आला. आत्याही आली. तनूला मध्ये बसवलं.

"आक्काला शब्द दिलाय आपण," मामा म्हणाला. "कावळा काय उगाच शिवला हाय?"

आत्यानं मधला मार्ग काढला. "दोन्ही घे ना, बाळा. बायोलॉजी पण, इलेक्ट्रॉनिक्स पण."

"तसं मिळत नाही, आत्या. एकाच्या बदल्यात दुसरं."

"मग ताईला विचारू. ती शिकलेली आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला विचाराल तर भूगोल." तनूनं मला कोपरापासून हात जोडले. "ताई, तुझे नकाशे तुलाच लखलाभ!" मामासुद्धा हसला. मग मी नीट सांगितलं, की विषय तिचा आहे, आईचा नाही, आणि कावळ्याचा तर नाहीच नाही. मामाचं हसू गेलं. "शिकलीस म्हणून देव-धरम सोडलास व्हय गं?"

तेव्हा बाबा बोलले. तुला माहीत आहे, ते किती बोलतात ते!

"बाळू, त्या दिवशी माझ्या हातात छत्री होती. काळी. मुंडण केलेल्या डोक्याला ऊन लागत होतं. तू ओरडलास, मला हात जोडायचे होते, म्हणून मी छत्री मिटली. कावळा तेव्हा आला."

मग मामा हळूच म्हणाला, "मग दाजी, तवाच का नाही सांगितलं?"

"तेव्हा सगळ्यांना बरं वाटत होतं," बाबा म्हणाले. "मलाही."

मामाला पटलं असं मी म्हणणार नाही. जाताना चपला घालता घालता तो पुटपुटला, "छत्री मिटायची बुद्धी तरी कुणी दिली?" पण तनूच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

मला वाटलं, जिंकलो! पण दुसऱ्या दिवशी सकाळी दळण चाळताना तनूनं मला विचारलं, "ताई, छत्रीचं खरं असेल, तर मग आई तेव्हा गेली का? का अजून अडकलीये?"

आई, त्या दिवशी नदीकडे बघत उभी असल्यापासून ही पोर मनात हे घेऊन वावरत होती. बायोलॉजी घेतलं तर आई सुटेल, नाही घेतलं तर अडकेल. एवढ्याशा खांद्यावर केवढं ओझं! आणि ते आपल्याच माणसांनी ठेवलं, तेही प्रेमानं. मी तिला एवढंच म्हणाले, "आई आपल्याला सोडून जाताना अट घालून गेली असती, असं तुला वाटतं?" तिनं चाळण झटकली. मग म्हणाली, "नाही. ती फार तर विचारून गेली असती, जेवलीस का."

आज दुपारी कॉलेजात जाऊन आलो. तनूनं इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "नक्की ना? नंतर बदलून मिळणार नाही." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नक्की." मला त्याचा फार अभिमान वाटला.

ती चुकेलही. बारावीत मार्क कमी पडतील, कधी वाटेल की बायोलॉजी घेतलं असतं तर बरं झालं असतं. मामा तेव्हा नक्की म्हणेल, "बघा, सांगत होतो." म्हणून तुला वचन देते. ती जिंकली तर ते यश तिचं, आणि पडली तर ते पडणंही तिचं. त्यात तुझं नाव मी कुणालाही घालू देणार नाही. तू सुखात आहेस की नाही, हे या घरातल्या मुलींच्या गुणपत्रिकेवरून इथून पुढे कुणी ठरवणार नाही. तुझी आठवण तिनं काढावी ती भूक लागल्यावर, हसू आल्यावर. धाक म्हणून कधीच नाही.

तुझी थोरली,
शुभदा