तंबूत तुम्ही मारलेली हाक

बाबा, आदिलाबादच्या तंबूतला तो दुपारचा खेळ तुम्हाला नंतर कधी आठवला का, हे मला माहीत नाही. आपण त्यावर कधी बोललोच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी त्या दिवशी मी नक्की काय पाहिलं ते मला अजून उलगडत नाही.

दसऱ्याच्या सुट्ट्या होत्या. मी सहावीत असेन, भाऊ माझ्याहून लहान. वांग्याटमाट्यांचा मळा शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून तुम्ही आम्हाला महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या मुधोळहून मावशीकडं नेलं. सगळ्यांनी मिळून कुठं जायची आमची ती पहिलीच वेळ. मावशीच्या घरामागच्या मैदानात दोन तंबू पडले होते, एक तेलुगू नाटकाचा, एक जादूच्या खेळाचा. पहिल्या दिवशी आपण नाटकाला गेलो. रंगवलेले राजे, मोठमोठे मुकुट, पेटीवर लांबवलेली पदं. आईला काही कळेना. ती दर थोड्या वेळानं तुम्हाला कोपरानं ढोसायची, "काय म्हून राह्यला हो तो?" आणि तुम्ही म्हणायचात, "मले काय ठाव?" खरंच होतं ते. तुम्हाला तेलुगू येत नाही, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. बाजारात तेलुगू गिऱ्हाईक आलं तरी तुम्ही मोडक्या हिंदीतच भाव सांगायचात. पण विदूषकाच्या एका बोलण्यावर तुम्ही हसलात, आणि बाकीचे लोक तुमच्यानंतर हसले. मी तुमच्या तोंडाकडं पाहिलं. तुम्ही लगेच मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी जादूचा खेळ. जादूगारानं कबुतरं काढली, पेटीतली बाई गायब केली, आणि मग चमचमती शेरवानी सावरत म्हणाला, "अब कोई भाईसाहब ऊपर आएंगे? हम उनको नींद में ले जाएंगे." मावशी तुमच्या मागं लागली. "जा ना भाऊजी, पोरं पाहून राह्यले." तुम्ही नको नको म्हणत गेलात. त्यानं तुम्हाला खुर्चीवर बसवलं, तोंडासमोर हात फिरवला, कानाजवळ काहीतरी पुटपुटला. तुमची मान खाली गेली. मग तो मोठ्यानं म्हणाला, "आप छोटे बच्चे हैं. बाहर खेल रहे हैं. भूख लगी है. किसको बुलाओगे?"

मग तुमच्या तोंडून आवाज आला तो तुमचा नव्हता, बाबा. बारीक, चिरका, लहान पोराचा होता. "अम्मा! अम्मा, आकली! एक्कड उन्नव?" आई, भूक लागली, कुठं आहेस. एवढं तेलुगू मला शाळेमुळं येत होतं. लोक खदाखदा हसले. मिशीवाला बाप्या लेकरासारखा रडून राह्यला म्हटल्यावर हसणारच. भाऊसुद्धा हसला. जादूगारानं टाळी वाजवली, पण तुम्ही जागे झाला नाहीत. उठलात आणि हाका मारत स्टेजच्या काठाकडं चालायला लागलात. त्यानं धावत येऊन तुमचा हात धरला, पुन्हा टाळी वाजवली. तुम्ही डोळे उघडून आमच्याकडं पाहिलं. आम्ही कुणाची माणसं आहोत, असं विचारल्यासारखं ते पाहणं होतं.

बाहेर आल्यावर तुम्ही आम्हाला मिरचीभजी घेऊन दिली. मी विचारलं, "बाबा, तुमाले तेलुगू येते?"

"नाही येत."

"मंग तुमी स्टेजवर—"

"त्यानंच कानात सांगतलं, असं असं म्हन म्हून. मी म्हनलं. त्याच्या पोटावर कायले पाय द्याचा?"

संध्याकाळी तुम्ही भावाला घेऊन बाहेर गेलात तेव्हा मी आईला धरलं. ती मेथी निवडत होती. खाली मान घालूनच बोलली. "तुह्या बापाले जन्म देऊन तुही आजी गेली. तवा तुहा आजा बेज्जूरकडं लाकडाच्या ठेकेदाराजवळ कामाले होता. शेजारच्या तेलुगू बाईनं आपल्या लेकरासंगं याले बी अंगावर पाजलं. पाच-सहा वर्षं तिच्याच घरी वाढले ते. मंग आज्यानं दुसरं लगन केलं, इकडं आला, तवा याले रडता रडता उचलून आनलं. घरात तिचं नाव घ्याचं नाही, तिची बोली बोलाची नाही म्हने."

"तुले बाबानं सांगतलं?"

"ते काय सांगतात! मोठ्या आत्यानं सांगतलं."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं होतं. तुम्ही म्हणालात, "आज बी पाहू तो जादूचा खेळ."

"काऊन? तेच तर हाय," आई म्हणाली.

"पोरांले आवडला."

आम्ही तर काहीच बोललो नव्हतो. तुम्ही आम्हाला सगळ्यांत पुढं बसवलंत. जादूगाराचं "कोई भाईसाहब" पूर्ण व्हायच्या आधीच तुमचा हात वर गेला. त्यानं पाहिलं, ओळखलं, आणि नजर फिरवली. रोज तोच माणूस चढला तर लोक म्हणतील, हा त्याचाच माणूस आहे. त्यानं कॉलेजातल्या एका पोराला बोलावलं. तो पोरगा खुर्चीवर बसला, झोपला, कोंबड्यासारखा आरवला, लोक हसले, तरी तुमचा हात वरच होता. शेवटी मीच तो हळूच खाली घेतला.

इथंच माझा गुंता होतो. ते नाटक होतं, तर तो आवाज कुठून आणलात? आणि खरं होतं, तर तुम्हाला शुद्धीवर आल्यावर काय आठवत होतं? कधी वाटतं, तुम्हाला त्या तेलुगू आईकडं पुन्हा जायचं होतं. कधी वाटतं, तोंडून काय निघालं ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं, आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी निघालं एवढंच कळलं, आणि ते काय ते पाहायला तुम्ही पुन्हा हात वर केलात. कधी तर वाटतं, शुद्धीत राहून हाक मारता येत नव्हती, म्हणून त्या जादूगाराचा आडोसा घेतलात. पुढच्या उन्हाळ्यात बियाणं आणतो म्हणून तुम्ही दोन दिवस गेलात आणि रिकाम्या हातानं आलात. आईनं फक्त विचारलं, "गवसलं काय?" तुम्ही म्हणालात, "तिथं आता दुसरेच लोक राह्यतात." बियाण्याच्या दुकानात कोणी राहत नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

तुमच्या शेवटच्या आजारात मी उशाशी कान देऊन बसायची. तापात माणूस मनातलं बोलतो म्हणतात. तुम्ही पाणी मागितलंत ते मराठीत, मळ्यातल्या मोटारीचं विचारलंत तेही मराठीत. तो आवाज परत आला नाही. मी वाट पाहत होते, हे तुम्हाला कळलं होतं का, तेही मला माहीत नाही.

हे सगळं लिहिलं खरं, पण हे पत्र टाकायचं कुठं? इथंच पडून राहील. एक मात्र सांगते. त्यानंतर मी नवऱ्याबरोबर, पोरांबरोबर असले खेळ पुष्कळ पाहिले. वर कोण येतं म्हणून विचारलं की पोरं मला ढकलतात, आणि मी खुर्ची घट्ट धरून बसते. लोक हसतील याची मला भीती नाही, बाबा. झोपेत मी कुणाला हाक मारीन ते मला ठाऊक नाही, आणि ती हाक तुम्हाला नसेल, याची भीती वाटते.